घरी फोटो छापणारा प्रिंटर घेण्यापूर्वी

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की वृत्तपत्रांत घरगुती प्रिंटरच्या जाहिराती दिसू लागतात. त्यांत एका हसऱ्या कुटुंबाचा रंगीत फोटो यंत्रातून अलगद बाहेर येत असतो आणि त्याखाली ‘एक पान अमुक पैशांत’ असा ठळक दर छापलेला असतो. हा दर त्या फोटोचा नसतो, साध्या कागदावर छापलेल्या कार्यालयीन पानाचा असतो, आणि नेमके हेच जाहिरातीत कोठे सांगितलेले नसते. मी छत्तीस वर्षे नारायण पेठेतील एका ऑफसेट छापखान्यात रंगविभाजनाचे आणि प्रूफ तपासण्याचे काम केले. निवृत्तीनंतर घरी फोटो छापण्याच्या हौसेपायी तीन यंत्रे विकत घेतली, एक मित्राकडून उसने आणून वापरले, आणि त्यांतून जे कळले ते खरेदीला निघालेल्या वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

प्रथम त्या दराविषयी. एका कार्ट्रिजमध्ये (शाईच्या बदलत्या डबीत) किंवा टाकीच्या यंत्रात ओतायच्या शाईच्या बाटलीत किती पाने छापली जातील, हे मोजण्यासाठी आयएसओ/आयईसी २४७११ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात ठरावीक नमुना-पाने साध्या कागदावर एकापाठोपाठ एक छापली जातात. या पानांवर मजकूर, थोडे आलेख, थोडा रंग आणि भरपूर पांढरी जागा असते. फोटोत पांढरी जागा जवळजवळ नसते. आकाश, साडी, भिंत, चेहरा, सगळीकडे शाई पडते, आणि कागद ए-फोर आकाराचा असला की ती किती पडते हे टाकीच्या खिडकीतून डोळ्यांना दिसते. फोटोंच्या मोजणीसाठी आयएसओ/आयईसी २९१०२ हे वेगळे मानक उपलब्ध आहे. असे असताना जाहिरातीत फोटोचे चित्र दाखवून मजकुराच्या पानाचा दर सांगणे मला रास्त वाटत नाही. शिवाय त्या दरात कागद धरलेला नसतो, आणि चांगल्या फोटो कागदाची किंमत पुष्कळदा त्यावर पडणाऱ्या शाईहून अधिक भरते.

आता मुख्य प्रश्न. दुकानात गेल्यावर आपण ‘कोणता प्रिंटर चांगला?’ असे विचारतो. त्याआधी आपल्या घरात वर्षाला किती फोटो छापले जाणार आहेत, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारले पाहिजे. समजा, वीस हजारांचे यंत्र घेतले आणि ते पाच वर्षे चालले. वर्षाला शंभर फोटो छापले, तर पाच वर्षांत पाचशे होतात आणि प्रत्येक फोटोवर केवळ यंत्राचे चाळीस रुपये बसतात. शाई आणि कागद त्यानंतर. वर्षाला हजार छापले तर हाच बोजा चार रुपयांवर येतो. पोस्टकार्ड आकाराच्या फोटोला लॅबवाला चाळीस रुपये घेत नाही, आणि अनेक लॅबमध्ये आजही प्रकाशसंवेदी कागदावर चित्र उमटवून तो रसायनात धुतात, त्यामुळे प्रतही उत्तम निघते. गणपतीचे दहा, दिवाळीचे वीस आणि सहलीचे तीस फोटो छापणाऱ्या घराने प्रिंटर घेऊच नये, पेन ड्राइव्ह घेऊन लॅबमध्ये जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या या मतावर दुकानदार रागावतील, पण ज्यांच्या घरी शोभेची यंत्रे धूळ खात आहेत ते रागावणार नाहीत.

पैशांखेरीज दुसरेही एक कारण आहे. शाईचा प्रिंटर न वापरता ठेवला की बिघडतो. त्याच्या हेडमध्ये केसाहून बारीक छिद्रांच्या रांगा असतात आणि त्यांतून शाईचे अतिसूक्ष्म थेंब उडतात. एप्सनच्या यंत्रांत विजेच्या दाबाने वाकणारा स्फटिक थेंब ढकलतो. कॅनन आणि एचपी यांच्या यंत्रांत शाई क्षणभर तापवून तिच्यात बुडबुडा तयार करतात आणि तो थेंबाला बाहेर फेकतो. १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचा स्पर्श शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला झाला आणि शाई उडाली, त्यातून ही दुसरी कल्पना निघाली म्हणतात. रीत कोणतीही असली, तरी छिद्रात शाई सुकली की थेंब पडत नाही. पुण्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात हे फार लवकर घडते.

माझे पहिले यंत्र स्वस्त होते. मे महिन्यात आम्ही महिनाभर कोकणात गावी गेलो आणि परतल्यावर नातवाच्या मुंजीचे फोटो छापायला घेतले, तर बटूपासून भटजींपर्यंत सगळे हिरवट आले. किरमिजी रंगाची छिद्रे बंद झाली होती. पिवळा आणि निळा एवढेच उरले की दुसरे काय होणार? हेड साफ करण्याची आज्ञा पाच वेळा दिली. प्रत्येक साफसफाईत शाई ओढून आतल्या स्पंजात टाकली जाते, हे तेव्हा मला माहीत नव्हते. पाचव्या खेपेला किरमिजी रंग आला, पण तोवर काळा संपला होता. ज्या दुकानातून यंत्र घेतले होते तेथे गेलो, तर दोन कार्ट्रिजची किंमत नव्या यंत्राच्या जवळपास जाते असे सांगून त्यांनी नवे यंत्र घेण्याचा सल्ला दिला. छापखान्यात आम्ही शाईचा डबा तळापर्यंत खरवडून वापरत असू. त्या दिवशी मी जो हताश झालो तो दुकानदाराला कळणे शक्य नव्हते.

तरीही कार्ट्रिजला सरसकट नावे ठेवणे योग्य होणार नाही. काही कार्ट्रिजमध्ये हेडच कार्ट्रिजला जोडलेले असते. नवे कार्ट्रिज बसवले की नवे हेड मिळते आणि तुंबलेल्या छिद्रांचा प्रश्न तेथेच मिटतो. टाकीच्या यंत्रात हेड बहुधा यंत्राचाच कायमचा भाग असतो, आणि ते एकदा कायमचे तुंबले की दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो. म्हणून टाकीचे यंत्र घेणाऱ्याने आठवड्यातून एकदा तरी एखादे रंगीत पान काढले पाहिजे. दुसरे पथ्य असे, की यंत्र त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करावे, भिंतीवरच्या बोर्डावरून नव्हे. बटणाने बंद केले की हेड आपल्या जागी जाऊन झाकले जाते. छपाई चालू असताना बोर्डावरून वीज तोडली, तर ते उघडेच राहते. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाण्याची सवय असलेल्या पुणेकरांनी त्या वेळात छपाई काढू नये.

दुसरे यंत्र मी टाकीचे घेतले, आणि शाईचा खर्च खरोखरच इतका उतरला की पहिल्या वर्षी मी शेजाऱ्यांचेही फोटो हौसेने छापून दिले. मात्र छापखान्यातले डोळे गप्प बसत नाहीत. चकचकीत कागदावरच्या फोटोत काळा रंग मला काळा वाटेना. आजीची चंद्रकळा करडी-तपकिरी दिसत होती. कारण शोधल्यावर मिळाले. अशा अनेक चाररंगी यंत्रांत काळी शाई रंगकणांची म्हणजे पिगमेंटची असते आणि बाकीचे तीन रंग पाण्यात विरघळलेल्या डाय प्रकारचे असतात. मजकूर ठसठशीत यावा म्हणून ही योजना आहे. पिगमेंटची ही काळी शाई चकचकीत कागदात मुरत नाही, वरच राहते आणि बोटाने पुसली जाते. म्हणून अशा कागदावर यंत्र ती वापरतच नाही, तीन रंग एकत्र करून काळ्याची वेळ भागवते. तीन रंगांचा काळा कसा निघतो हे ऑफसेटवाल्याला सांगावे लागत नाही. तेव्हा खरेदीच्या वेळी दुकानदाराला एवढेच विचारावे, ‘काळी शाई डाय आहे की पिगमेंट, आणि फोटो कागदावर ती वापरली जाते का?’ उत्तर न आल्यास दुसरे दुकान पाहावे.

चार रंगांच्या यंत्रात आणखी एक उणीव राहते, आणि ती चेहऱ्यावर दिसते. गोऱ्या किंवा निमगोऱ्या गालावर फिकट छटा आणायची, तर यंत्राला किरमिजी थेंब एकमेकांपासून दूर दूर टाकावे लागतात. थेंब कितीही बारीक असला, तरी पांढऱ्या कागदावर गडद ठिपका डोळ्याला रवाळ लागतो; भिंग लावून पाहिले तर स्पष्टच दिसतो. सहा रंगांच्या यंत्रात फिकट निळी आणि फिकट किरमिजी अशा दोन शाया जास्तीच्या असतात. फिकट छटेसाठी फिकट शाईचे थेंब दाट टाकता येतात आणि गाल गालासारखा दिसतो. एप्सनचे एल८०५० हे टाकीचे यंत्र या पद्धतीचे आहे. माणसांचे फोटो नियमित आणि मोठ्या आकारात छापायचे असतील तर मी सहा रंगांखाली उतरणार नाही. मुलांचे प्रकल्प, रेशनकार्डाच्या प्रती आणि अधूनमधून एखादा फोटो असा वापर असेल, तर चार रंग पुरे आहेत. तेथे स्कॅनर जोडलेला असणे अधिक मोलाचे.

मित्राकडून उसने आणलेले यंत्र अगदी निराळे होते. त्यात शाई नसते; रंगाची फीत असते. उष्णतेने फितीवरचा रंग वायुरूप होऊन कागदात शिरतो. कॅननच्या सेल्फी मालिकेतील छोटी यंत्रे अशी आहेत. कागद चार वेळा आतबाहेर करतो, आधी पिवळा, मग किरमिजी, मग निळा आणि शेवटी पारदर्शक संरक्षक थर, आणि हे चारही फेरे समोर घडताना पाहून माझ्यासारख्या माणसाला चार रंगांची यंत्रे आठवून गहिवरून आले. ठिपका कोठेही नाही, छटा सलग, फोटो हातात येतो तेव्हा कोरडा. यंत्र सहा महिने कपाटात ठेवले तरी सुकण्यासारखे त्यात काही नाही, हा मोठा गुण. मर्यादा दोन. आकार पोस्टकार्डाएवढाच, म्हणजे १०० गुणिले १४८ मिलिमीटर. मोठा फोटो निघत नाही. आणि फीत-कागदाचा संच ठरलेला असतो, उदाहरणार्थ १०८ फोटोंचा, त्यामुळे फोटोत अर्धे पांढरे आकाश असले तरी फीत तेवढीच खर्च होते. जमेची बाजू अशी, की संचाच्या किमतीला १०८ ने भागले की एका फोटोचा खर्च पैशापर्यंत कळतो. इतका प्रामाणिक हिशेब शाईच्या कोणत्याही यंत्राने मला दिलेला नाही. एक सूचना मात्र करावीशी वाटते. वापरलेल्या फितीवर प्रत्येक फोटोची उलटी छाया शिल्लक राहते. घरगुती फोटोंची फीत कचऱ्यात टाकण्यापूर्वी कापून टाकावी.

लेझर प्रिंटरबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. तो मजकुरासाठी उत्तम, फोटोसाठी नव्हे. शाईच्या प्रिंटरचा चकचकीत कागद लेझरमध्ये घालू नये, कारण आतल्या तापलेल्या रोलरवर कागदाचा थर वितळून चिकटू शकतो आणि मग फोटोही जातो आणि रोलरही.

जाहिरातीतील आणखी एका आकड्याने लोक फसतात. ‘५७६० गुणिले १४४० डीपीआय’ (म्हणजे इंचाला इतके ठिपके) असे लिहिलेले पाहून आपला फोटो तितका बारीक येणार, असे वाटते. हा आकडा यंत्र थेंब किती जवळ टाकू शकते त्याचा आहे. फोटोचा एक बिंदू दाखवायला असे अनेक थेंब लागतात. फोटोसाठी इंचाला ३०० बिंदू ही जुनी आणि चांगली कसोटी आहे. ऑफसेटमध्ये १५० लाइनच्या स्क्रीनसाठी, म्हणजे इंचाला ठिपक्यांच्या १५० रांगांसाठी, दुप्पट बिंदू घेत असत, तेथूनच ती आम्हांला पाठ आहे. या हिशेबाने चार गुणिले सहा इंचांच्या फोटोला १२०० गुणिले १८००, म्हणजे साडेएकवीस लाखांच्या आसपास बिंदू लागतात, आणि ए-फोर पानाला २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख. बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलमध्ये एक कोटी वीस लाख असतात. म्हणजे मोबाइल कमी पडत नाही. कमी पडतो तो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो, कारण पाठवताना तो लहान केला जातो. लग्नघरातून फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ एवढे सांगितले, तर महागड्या यंत्राने साधणार नाही तो फरक फुकट साधतो.

आकारातही एक खोच आहे. मोबाइलचा फोटो बहुधा चारास तीन या प्रमाणात असतो आणि चार गुणिले सहाचा कागद तीनास दोन. कागद कडेपर्यंत भरायचा म्हटला, तर फोटोच्या उंचीतला नववा हिस्सा कापला जातो. मुंजीच्या समूहचित्रात मागच्या रांगेतल्या काकांचे डोके गेले ते यामुळे; दोष यंत्राचा नव्हता, मी छापण्यापूर्वी चौकट पाहिली नव्हती. बिनकडेच्या छपाईत यंत्र चित्र आणखी किंचित मोठे करून कागदाबाहेर थोडी शाई उडवते आणि तीही त्या स्पंजातच जाते. हा स्पंज भरला की अनेक यंत्रे छापणेच थांबवतात. स्पंजाचा डबा घरच्या घरी बदलता येतो की सेवा केंद्रात जावे लागते, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे.

कागदाबाबत माझा अनुभव असा, की यंत्रावर वाचवलेले पाच हजार आणि कागदावर वाचवलेले पाचशे यांत दुसरी काटकसर जास्त नडते. दोनशे जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅममधले वजन) वरचा, रेझिनचा थर असलेला कागद घ्यावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे छापण्याची आज्ञा देताना संगणकात त्याच कागदाचे नाव निवडावे. साध्या कागदाची निवड तशीच राहिली, तर यंत्र शाई साध्या कागदाच्या हिशेबाने सोडते, आणि उत्तम कागदावरही फोटो मळकट येतो. ‘प्रिंटरने रंग बिघडवले’ अशा तक्रारी घेऊन माझ्याकडे आलेल्या ओळखीच्यांपैकी निम्म्यांचे दुखणे एवढेच होते. उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या संगणकाचा पडदा फार उजळ ठेवलेला होता. पडद्यावर प्रकाश आतून येतो, कागदावर बाहेरून पडतो, म्हणून पडदा मंद करून मगच फोटोचा उजेड ठरवावा. पावसाळ्यात कागदाचे पाकीट उघडे टाकू नये, कागद दमट होऊन वळतो.

टिकाऊपणाचा विषय माझ्या घरच्या भिंतीने मला शिकवला. सासऱ्यांचा फोटो मी डाय शाईत छापून पश्चिमेच्या खिडकीसमोर, काच न लावता, नुसत्या लाकडी चौकटीत टांगला. दोन वर्षांत त्यातला निळा उडाला आणि ते आयुष्यात कधी दिसले नव्हते इतके लालबुंद दिसू लागले. डाय शाईला ऊन मारते तसा हवेतला ओझोनही मारतो. सच्छिद्र थराच्या, लवकर सुकणाऱ्या कागदावर तर अधिकच. तोच फोटो पुन्हा छापून काचेमागे, आतल्या भिंतीवर लावला आहे आणि तो अद्याप शाबूत आहे. पिगमेंट शाईची यंत्रे यापेक्षा बरीच टिकाऊ प्रत देतात, परंतु ती महाग असतात आणि अल्बममध्ये बंद राहणाऱ्या फोटोंसाठी तेवढा खर्च करण्याची गरज नाही. बाटलीतली शाई मात्र यंत्राला नेमून दिलेलीच भरावी. बाहेरची स्वस्त शाई मीही भरून पाहिली. पहिल्या दिवशी फरक दिसला नाही, आठ महिन्यांनी अल्बम उघडल्यावर दिसला.

बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ मध्ये याच शहरात सुरू केली. त्या शहरातल्या ग्राहकाने प्रिंटर घेताना वरचे प्रश्न विचारायला संकोचू नये, आणि विक्रेत्यांनीही दोन गोष्टी कराव्यात अशी माझी विनंती आहे. फोटोसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्राशेजारी पोस्टकार्ड आकाराच्या एका फोटोचा शाई आणि कागद धरून येणारा खर्च लिहून ठेवावा. आणि ग्राहकाने आणलेला फोटो त्याच यंत्रावर छापून दाखवावा, कंपनीकडून आलेला पोपटाचा नमुना नव्हे. पोपट कोणत्याही यंत्रावर सुंदरच येतो.

गेल्या महिन्यात मी पेन ड्राइव्हवर चार फोटो घेऊन टिळक रस्ता आणि सदाशिव पेठेतल्या पाच दुकानांत गेलो होतो. काळ्या चंद्रकळेतली आजी, उन्हातला हसरा नातू, शनिवारवाड्याची भिंत आणि एक पांढऱ्या शेवंतीचा हार, असे ते चार फोटो. काळा, त्वचा, करडा आणि पांढरा यांची परीक्षा त्यांत होते. तीन दुकानांनी यंत्र खोक्यातून काढायला नकार दिला, एका दुकानात कागद नव्हता. पाचव्या दुकानातल्या मुलाने मात्र चारही फोटो छापले, आजीच्या फोटोकडे बराच वेळ पाहिले आणि ‘काका, काळा नीट आला नाही’ असे आपणहून सांगितले. माझे तिसरे, सहा रंगांचे यंत्र मी त्याच्याकडून घेतले.

कळावे,
आपला विश्वासू,
एक जुना वाचक, नारायण पेठ, पुणे